परत येण्याचा पुरावा

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात 2007 पासून इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. या काळात परदेशातल्या परिषदांनी माझे 5 पेपर स्वीकारले. त्यांतले 3 मी स्वतः उभं राहून मांडले. उरलेले 2 मांडता आले नाहीत, कारण व्हिसा मिळाला नाही. विद्यार्थ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या फायली धरल्या तर चाळीसेक अर्ज माझ्या डोळ्यांखालून गेले असतील. विषयाचं शिक्षण मला पुस्तकांतून मिळालं, पण हे दुसरं शिक्षण मला कुणी दिलं नाही. ते ठेचकाळत मिळालं. म्हणून लिहायला बसले आहे.

पहिला नकार 2012 चा. पेपर काळ्या मातीतल्या ओलाव्याबद्दल होता. आपली कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांमुळे मातीत पुरलेला सेन्सर आणि माती यांच्यात हवा शिरते आणि ओलाव्याचे आकडे खोटे येतात. परदेशात हलक्या मातीवर तपासलेला सेन्सर आमच्या वावरात का फसतो, ते मी 3 हंगाम बाबांच्या शेतात मोजमाप घेऊन मांडलं होतं. युरोपातल्या एका परिषदेनं तो पेपर घेतला. जिल्ह्याबाहेरचं माझं पहिलं मोठं काम होतं ते.

व्हिसाच्या अर्जासाठी मुंबई गाठायची होती. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठिकाण असूनही इथे रेल्वे नाही. संध्याकाळी राजूर घाट उतरून मलकापूर गाठलं, रात्रीची मुंबईची गाडी धरली आणि सकाळी सीएसटीच्या वेटिंग रूममध्ये साडी बदलून व्हिसा अर्ज केंद्राच्या रांगेत उभी राहिले. फोटो दिला, फाईल दिली, रात्रीच्या गाडीनं परत. तीन आठवड्यांनी पासपोर्ट कुरिअरनं आला. सोबत एक छापील फॉर्म होता. त्यावर कारणांची यादी होती आणि एका चौकोनात फुली होती. अर्थ असा की, मुदत संपण्याआधी मी त्यांचा देश सोडून परत जाईन याची खात्री पटली नाही.

मी बाबांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वावर इथं, घर इथं, मायबाप इथं. पोरगी वापस नाही येनार तं जाईन कुठं?"

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तो फॉर्म म्हणजे आरोप वाटला. आपण खोटं बोललो असं कुणीतरी लिहून दिलंय, असं वाटत राहिलं. पुढचं वर्षभर मी परदेशी परिषदेला एकही पेपर पाठवला नाही.

वर्षभरानं तीच फाईल पुन्हा उघडली आणि यावेळी ती परक्या माणसाच्या नजरेनं वाचली. सातबारा जोडलेला होता, पण मराठीत, भाषांतराशिवाय, आणि त्यावर नाव बाबांचं. माझ्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये 5 महिने पगाराची एकही नोंद नव्हती, कारण तेव्हा पगार थकला होता. मग थकबाकी एकदम आलेली. आणि अर्जाच्या आठवडाभर आधी 2 लाख रुपये जमा. ती बाबांच्या तुरीची पट्टी होती. चिखलीच्या बाजार समितीत तूर विकून त्यांनी सगळे पैसे माझ्या खात्यात टाकले होते, पोरीला परदेशात काही कमी पडू नये म्हणून. खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला यातलं काय कळणार? त्याला दिसली 29 वर्षांची अविवाहित बाई, अनियमित पगार, नावावर काही नाही आणि अचानक आलेली मोठी रक्कम.

व्हिसाचे नियम मुळात संशयापासून सुरू होतात, हे मला पुढे वाचून कळलं. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात कलम 214 (ब) आहे. तात्पुरत्या भेटीसाठी येणारा प्रत्येक अर्जदार तिथे कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरायचं आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं, असा त्याचा अर्थ. युरोपातल्या शेंगेन देशांच्या नियमांतही परत जाण्याच्या हेतूची शंका हे नकाराचं एक छापील कारण आहे. म्हणजे पुराव्याची जबाबदारी आपल्यावर. आणि परत येण्याचा पुरावा म्हणून जे कागद मागितले जातात, ते महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाच्या आयुष्यावर बेतलेले असतात.

आपल्या जिल्ह्याचं आयुष्य हंगामावर चालतं. सोयाबीन निघालं की पैसा, तूर विकली की पैसा, मधले महिने उधारीवर. सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं तर ते एक तर कोरडं दिसतं, नाही तर संशयास्पद. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळे ज्या घरात फक्त शेती आहे तिथे आयकर विवरणपत्रच नसतं. प्रामाणिकपणे जगलेल्या घराकडे नेमका तोच कागद नाही, जो सगळ्यांत आधी मागतात. जमीन आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी झालेली, घर गावठाणातलं. माणूस मुळांनी जितका घट्ट बांधलेला, तितकी ती मुळं कागदावर कमी दिसतात. हे मी एका नव्हे, अनेक फायलींत पाहिलं आहे.

मग नावांचा घोळ. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. कुणाच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव आहे, कुणाच्या नाही. लग्न झालेल्या बाईची पदवी माहेरच्या नावानं, पगार सासरच्या नावानं, पेपर तिसऱ्याच रूपात छापलेला. जिल्ह्याचं नावसुद्धा कुठे बुलडाणा, कुठे बुलढाणा, आणि इंग्रजीत मधला एच कधी असतो, कधी गळतो. आपल्याला यात काही खटकत नाही. परक्या माणसाला मात्र ती दोन वेगळी गावं आणि दोन वेगळी माणसं वाटू शकतात. एका सहकारी बाईंच्या आमंत्रणपत्रावर माहेरचं नाव आलं होतं. ते दुरुस्त करून मागवण्यात 11 दिवस गेले आणि अपॉइंटमेंटची तारीख हुकली. तेव्हापासून मी पहिला पेपर लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकच सांगते. पेपरवर नाव छापण्याआधी पासपोर्ट समोर ठेव आणि त्यातलं नाव जसंच्या तसं उतरव.

परिषदेच्या घड्याळाचा आणि व्हिसाच्या घड्याळाचा मेळ बसत नाही, ही त्याहून मोठी अडचण. पेपर स्वीकारल्याचं पत्र परिषदेच्या दोन-तीन महिने आधी येतं. मग नोंदणीची फी भरायची, तेव्हा कुठे आमंत्रणपत्र मिळतं. मग महाविद्यालयाची एनओसी. तिच्यासाठी प्रस्ताव टेबलाटेबलावरून फिरतो. या सगळ्यानंतर अपॉइंटमेंट शोधायची. 2022 च्या अखेरीस मुंबईत अमेरिकेच्या पर्यटक-व्यावसायिक व्हिसाच्या मुलाखतीसाठी प्रतीक्षा हजार दिवसांच्या आसपास गेली होती. अडीच वर्षांहून जास्त! ज्या पेपरसाठी रांगेत उभं राहायचं, तो तोवर जुना झालेला असतो. 2023 मध्ये भारतीयांना बँकॉकसारख्या ठिकाणी जाऊन अर्ज करायची वाट मोकळी झाली. पण आधी थायलंडला जायचं, मग अमेरिकेचा अर्ज करायचा, हा खर्च आमच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला नव्हता.

खर्चाचंही सांगायला हवं. शेंगेन व्हिसाचं शुल्क 2024 च्या जूनपासून 90 युरो आहे, अमेरिकेचं 2023 पासून 185 डॉलर. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. शेंगेनसाठी किमान 30 हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. मुंबईच्या फेऱ्या वेगळ्या. शिवाय पेपर मांडायला कुणी हजरच झालं नाही, तर तो पेपर डिजिटल ग्रंथालयातून वगळण्याचा अधिकार आय-ट्रिपल-ईसारख्या संस्थांच्या परिषदांना असतो. म्हणजे व्हिसा गेला की प्रवास जातो, फी जाते आणि आयोजकांना वेळेत कळवलं नाही तर वर्षभराचं कामही जाऊ शकतं.

2017 मध्ये लोणारजवळच्या एका गावातल्या विद्यार्थिनीचं असंच होणार होतं. एमटेकचा तिचा पेपर पूर्व आशियातल्या परिषदेनं घेतला. जाण्याच्या 9 दिवस आधी नकार आला. आम्ही त्याच संध्याकाळी आयोजकांना नकाराचं पत्र जोडून मेल केला. त्यांनी माणुसकी दाखवली. तिच्याच सत्रातल्या दुसऱ्या वक्त्यानं तिच्या स्लाइड वाचून दाखवाव्यात असं ठरलं. पेपर बचावला. पण वाचणाऱ्याला प्रश्न आले तेव्हा उत्तरं देता आली नाहीत. तिनं रात्री मोबाइलवर त्या सत्राचा फोटो पाहिला. पडद्यावर तिचं नाव होतं आणि त्याखाली दुसरंच कुणीतरी उभं होतं. "मॅडम, माझं काम गेलं, मी नाही गेले," एवढंच म्हणाली. पेपर छापून येणं आणि माणूस ओळखीचा होणं यांत किती अंतर आहे, ते मला तिच्या त्या वाक्यानं समजलं.

ते अंतर किती मोठं आहे, याचा माझा स्वतःचा अनुभव त्याआधीचा, 2016 चा आहे. तेव्हा मला व्हिसा मिळाला होता. माझं सत्र 15 मिनिटांचं, प्रश्न दोनच आले. खरी गोष्ट चहाच्या वेळी घडली. सुदानमधले एक संशोधक स्वतःहून जवळ आले. ते गेझिराचे, म्हणजे निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधल्या कापूस पट्ट्यातले. तिथली जमीनही काळी, चिकण आणि भेगाळणारी. म्हणाले, आम्ही सेन्सर सरळ खड्ड्यात ठेवतच नाही. त्याच खड्ड्यातली माती पाण्यात कालवून पातळ राबडी करतो, ती सेन्सरभोवती ओततो आणि सेन्सर तिरका बसवतो, म्हणजे भेग त्याच्या बाजूनं सरळ खाली उतरत नाही. मी 4 वर्षं सॉफ्टवेअरमधून आकडे दुरुस्त करत बसले होते. त्या खरीपात बाबांच्या वावरात तसं करून पाहिलं. आकडे बरेच स्थिर झाले. 10 मिनिटांचं बोलणं होतं ते. कुठल्याही पेपरात ते असं लिहिलेलं मला सापडलं नव्हतं.

म्हणून "आता सगळं ऑनलाइन होतं, जायचं कशाला" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. 2020 मध्ये सगळ्या परिषदा पडद्यावर आल्या, तेव्हा आमच्या मुलांना खरोखर मोठी दारं उघडली. फी कमी झाली, मुलांनी घराच्या गच्चीवर नेटवर्क शोधून पेपर मांडले आणि परत येणार का असं त्यांना कुणी विचारलं नाही. ती सोय बंद होऊ नये असंच मी म्हणेन. पण पडद्यावर सत्र संपलं की खिडकी बंद होते. चहाची वेळ तिथे येत नाही.

हे फक्त आपल्या वाट्याला येतं असं मला फार दिवस वाटत होतं. वाचत गेले तसा तो समज गेला. 2006 च्या फेब्रुवारीत रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता यांना अमेरिकेच्या व्हिसासाठी अडवलं गेलं. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक आणि तेव्हा आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. प्रकरण गाजल्यावर व्हिसा देऊ करण्यात आला. 2018 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला कृत्रिम बुद्धिमत्तेची न्यूरिप्स परिषद झाली, तेव्हा कृष्णवर्णीय संशोधकांच्या कार्यशाळेला येणाऱ्या शंभराच्या आसपास लोकांना व्हिसा नाकारला गेला किंवा वेळेत मिळाला नाही. त्यातून एक चांगली गोष्ट घडली. त्याच क्षेत्रातल्या आयसीएलआर या परिषदेनं 2020 साठी इथिओपियातलं अदिस अबाबा निवडलं. करोनामुळे ती ऑनलाइन झाली, पण 2023 च्या मे महिन्यात रवांडातल्या किगालीला ती प्रत्यक्ष भरली. माणसांना येता येत नसेल तर परिषदच त्यांच्याजवळ नेता येते, हे त्यातून दिसलं.

दार उघडायची पाळी एकदा आमच्यावरही आली होती. 2019 च्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयानं काळ्या मातीतल्या सिंचनावर लहानशी परिषद ठेवली. मला पहिल्यांदा आठवले ते गेझिराचे संशोधक. त्यांनी आनंदानं होकार दिला. भारतात परिषदेसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्याला परिषद व्हिसा लागतो. त्यासाठी आयोजकांनी केंद्राच्या गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांकडून संमती घ्यायची असते. काही देशांच्या नागरिकांसाठी तर पूर्वपरवानगी बंधनकारकच आहे आणि त्या यादीत सुदान आहे. आम्हाला हे माहीत नव्हतं. कळलं तेव्हा परिषदेला 6 आठवडे राहिले होते. अर्ज केला, पत्रं लिहिली, फोन केले. परवानगी वेळेत आली नाही.

त्यांना तो मेल मलाच लिहावा लागला. मला 2012 चा तो छापील फॉर्म आठवत होता. त्यांनी उत्तरात तक्रारीचा एक शब्द लिहिला नाही. उलट स्वतःची मोजमापं पाठवली आणि विद्यार्थ्यांना वापरू द्या म्हणाले. पुढच्या वेळी आधीपासून तयारी करू, असं आम्ही ठरवलं होतं. ती पुढची वेळ आलीच नाही. आधी करोना आला. 2023 च्या एप्रिलमध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात गेझिराचं मुख्य शहर वाद मदनीसुद्धा त्याच्या तडाख्यात सापडलं. त्यांचे मेल आता क्वचित येतात. ज्या माणसानं मला माती कालवायला शिकवलं, त्याला मी माझं वावर दाखवू शकले नाही. यात नियमांचा भाग होता, पण आमच्या उशिराचाही होता, आणि तो उशीर मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

या सगळ्यातून मी माझी कामाची पद्धत बदलली. पेपर पाठवतानाच परिषद कुठे आहे ते पाहते आणि तिथल्या व्हिसाला किती दिवस लागतात ते आधी शोधते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. त्याचा निर्णय एरवी 15 दिवसांत होतो, पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून आम्ही पेपर स्वीकारला जायची वाट न पाहता सातबारा, आठ-अ, विवाह नोंदणी यांची प्रमाणित भाषांतरं आधीच करून ठेवतो. फाईलच्या वर एक पानाचं साधं पत्र लावतो. पगार का थकला, तुरीचे पैसे कधी आणि कुठून आले, बाजार समितीची पावती कोणत्या पानावर आहे, परत आल्यावर कोणत्या तारखेला कोणतं काम हाती आहे, हे सगळं सरळ लिहितो. अधिकाऱ्याला आपलं आयुष्य माहीत नसतं. ते त्याला समजेल असं मांडणं हे आपलंच काम आहे. याने प्रत्येक वेळी व्हिसा मिळतो असं नाही. तरी पूर्वीपेक्षा जास्त फायली पार पडल्या.

दोन गोष्टी मात्र कधी करू दिल्या नाहीत. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना एका एजंटनं सांगितलं होतं की, महिनाभर 4 लाख खात्यात ठेवतो, थोडं कमिशन द्या. मी त्यांच्या घरी गेले आणि नको म्हटलं. खोट्या कागदावरून पकडलं तर ब्रिटनसारख्या देशात 10 वर्षांची बंदी येते, आणि त्यानंतर खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरी गोष्ट फसव्या परिषदांची. तीन दिवसांत पेपर स्वीकारतात, फी भरताच आमंत्रणपत्र पाठवतात. त्यामागे ना समिती असते ना परीक्षण. अशा पत्रांनी खऱ्या संशोधकांच्या पत्रांचीही किंमत जाते. परिषदेचे मागच्या वर्षांचे पेपर आणि समितीतली माणसं पाहिल्याशिवाय आम्ही एक रुपया भरत नाही.

लोणारची ती विद्यार्थिनी पुढे पीएचडी झाली. 2024 मध्ये तिचा पेपर युरोपात स्वीकारला गेला. फाईल आम्ही दोघींनी मिळून केली. या वेळी ती स्वतः गेली. पडद्यावरच्या नावाखाली तीच उभी असलेला फोटो आमच्या प्रयोगशाळेत लावला आहे.

परिषदा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, पेपर स्वीकारल्याचं पत्र आणि आमंत्रणपत्र एकाच दिवशी द्या, फीसाठी ते अडवू नका, आणि ज्याला व्हिसा मिळाला नाही त्याला स्वतः ऑनलाइन मांडू द्या. महाविद्यालयांनी एनओसीसाठी 7 दिवसांची मुदत ठरवावी आणि परदेशी पाहुण्याला बोलावताना मंत्रालयाच्या संमतीचं काम सगळ्यांत आधी सुरू करावं. केंद्राच्या प्रवास अनुदान योजनेतून तरुण संशोधकांना विमानभाडं आणि व्हिसा शुल्क मिळतं, ही माहिती प्रत्येक विभागात पोचवावी.

आणि गावाकडून पहिला पेपर पाठवणाऱ्या मुला-मुलींनो, पासपोर्ट नसेल तर या आठवड्यात अर्ज करा. नकार आला तर फॉर्म नीट वाचा, फाईल दुरुस्त करा, पुन्हा अर्ज करा. पण काम थांबवू नका. मी एक वर्ष थांबवलं होतं. ते वर्ष मला परत मिळालं नाही.